पडद्यावर उजळ, कागदावर काळी

२ ऑगस्ट ९८, रवि.
नितीन सकाळच्या गाडीने पुण्याला परत गेला. कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर सगळं जोडून, चालवून, वडिलांना शिकवून गेला. दोन दिवस बापलेक एका खोलीत बसले आणि भांडले नाहीत, याचंच मला अप्रूप. एस.टी.त चढताना हळूच म्हणाला, "आई, पप्पांना आता औषधात हात घालू देऊ नकोस. गरजच नाही त्याची." नोकरीला लागून वर्ष नाही झालं, पोराने बापासाठी यंत्र घेतलं. आणखी काय मागायचं माणसाने.

ह्यांच्या बोटांच्या चिरा भरत आल्यात. डॉक्टरांनी जानेवारीत बजावलं होतं, फोटो धुण्याचं औषध तुमच्या कातडीला चालत नाही, बंद करा. तेव्हापासून स्टुडिओ म्हणजे नुसते पासपोर्ट फोटो, तेही छापायला नगरला पाठवायचे. ज्याने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या हातचा फोटो गिऱ्हाइकाला दिला नाही, तो माणूस सहा महिने घरात बसून माझ्या आमटीला नावं ठेवत होता.

३ ऑगस्ट
यंत्र डार्करूममध्येच हवं हा ह्यांचा हट्ट. नितीनपुढेही तेच लावून धरलं. मी म्हणत होते पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवा, वारा येतो. "धूळ येते. गिऱ्हाईक डोकावतं. आणि माझी जागा ती आहे."

भिंती काळ्या, खिडकीला काळा कागद, दाराला काळा पडदा. शाळेतून आल्यावर चहा घेऊन आत गेले तर लाल दिवा लावून बसलेले. "अहो, आता फिल्म कुठे आहे जळायला? लाल दिवा कशाला?" "सवय गं." दोघेही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

८ ऑगस्ट
पहिला मोठा फोटो छापला. नितीनचा बालवाडीतला, एक दात पडलेला. स्क्रीनवर इतका सुरेख दिसत होता की मी शेजारच्या काकूंना हाक मारली. ह्यांनी कानाजवळचा एक डाग बोटाने पुसल्यासारखा घालवला. मग प्रिंटर कुरकुरला, कागद बाहेर आला. बाहेर उजेडात नेऊन बघितला तर पोरगं तव्याच्या बुडासारखं. काकू भल्या, म्हणाल्या, "लहानपणी उन्हात खेळायचाच तो."
हे तो कागद घेऊन परत आत.

९ ऑगस्ट, रवि.
नितीनचा फोन. "पप्पा, कागद उलटा घातला असेल. चकचकीत बाजू बघा." बघितलं, खरंच उलटा होता. सुलट घालून छापला. चकाकी आली, काळेपणा तसाच. आता तव्याला तेल लावल्यासारखा!

११ ऑगस्ट
शाळेत घटक चाचणीचे पेपर. घरी आले तर डा.रू.चं (डार्करूमचं) दार बंद. जेवताना विचारलं, जमलं का? "स्क्रीनचा उजेड पार वर नेलाय. आता बघ कसा लख्ख दिसतो." लख्ख दिसला खरा. इतका की डोळे दिपले. म्हणून ह्यांनी फोटोचा उजेड थोडा उतरवला, चेहरा पांढरा पडू नये म्हणून. छापल्यावर आधीपेक्षा काळा.

१४ ऑगस्ट
आज एक बाई आली. गयाबाई. पाथर्डीकडची. दर साल नवऱ्याबरोबर इकडच्या कारखान्यावर ऊसतोडीला येते, म्हणून गाव ओळखीचं. आत्ता इथे बहिणीकडे राहून खुरपणीला जाते. उद्या झेंडावंदन म्हणून माझी शाळा लवकर सुटली होती, मी होते दुकानात.

प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोटो काढला. तिच्या लग्नातला, काळा-पांढरा, सगळं वऱ्हाड दाटीवाटीने उभं. एका कडेला तिची आई, कडेवर लहान पोर. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. आई चैत्रात वारली.

"दुसरा फटू न्हाई हो भाऊ आईचा. हेच्यातनं तिला काडून मोटी करता यील का?"
हे भिंग घेऊन बराच वेळ बघत बसले.
"केवढा मोठा करायचा? भिंतीवर लावायला?"
"भितीवर न्हाई. कोपीत लावायचाय. दसरा झाला की टोळी निघती आमची. घर सा म्हैने कुलपात. तितं आईला एकटीला कशी ठिवू?"

ऊसतोडीची कोपी मी बघितली आहे, पाचटाची, वाकून आत शिरावं लागतं. तिथे आईला घेऊन जाणार ही.
हे म्हणाले, "देतो." जानेवारीनंतर हा शब्द पहिल्यांदा ऐकला ह्यांच्या तोंडून.

१६ ऑगस्ट, रवि.
नितीनला सगळं सांगितलं. म्हणाला, सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार साधा आहे का फोटोचा ते बघा. साधा होता. बदलला. शाई नीट बसू लागली, फराटे गेले. भलं होवो त्या पोराचं. काळेपणा मात्र जागचा हलला नाही.

ह्यांनी गयाबाईच्या आईचा चेहरा स्कॅन केलाय. डाळीएवढ्या चेहऱ्यातून एक बाई हळूहळू वर येतेय. कपाळावर गोंदण आहे, हे भिंगातून दिसलंच नव्हतं. पडद्यावर दिसलं तेव्हा हे खुर्चीतून अर्धे उठले.

२१ ऑगस्ट
शाईची नवी नळकांडी. छिद्रं साफ करायची आज्ञा दिली की यंत्र अर्धी शाई स्वतःच पिऊन टाकतं, हे आजचं ज्ञान. फोटो: काळा.

२३ ऑगस्ट, रवि.
काल पोळा झाला. बैलांना लावलेल्या गुलालाने गल्लीतला रस्ता अजून लाल आहे.

गयाबाई येऊन गेली. ह्यांनी कच्चा म्हणून छापलेला फोटो दाखवला. तिने उजेडाकडे धरला, लांब धरला, परत जवळ आणला. "डोळं कुटं गेलं वो आईचं?" म्हणाली. रागावून नाही, खरंच शोधत होती. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन सावल्या.

ती गेल्यावर मी स्क्रीनवर बघून आले. डोळे आहेत. नुसते आहेत असं नाही, तिरके कुणाकडे तरी बघतायत. कागदावर येईपर्यंत कुठे जातात कोण जाणे.

३० ऑगस्ट, रवि.
हे नितीनशी बोलायला आले नाहीत फोनवर. "सांग, छान चाललंय." मी सांगितलं छान चाललंय. नितीन खूश.

संध्याकाळी पायरीवर बसले होते. म्हणाले, "सुमन, यंत्रात काही दोष नाही. माझी नजर गेलीय. मला जे उजळ दिसतं ते उजळ नाहीच."
"काहीतरीच बोलू नका."
"फोटोवाल्याची नजर गेली म्हणजे काय राहिलं?"

वरातीचे फोटो कुणीही काढेल. पण बाई आजारी असताना काढलेला फोटो छापताना तिला बरी करायची, हे ह्यांचं काम. औषधात कागद किती वेळ ठेवायचा ते घड्याळात न बघता कळायचं ह्यांना. लोक श्रीरामपूरहून, सोनईहून यायचे त्यासाठी. हात गेले तेव्हा धीर धरला, कारण नजर होती.

५ सप्टेंबर
शिक्षकदिन. चौथीच्या मुलींनी मला शेवंतीचा गजरा दिला, तो घरी आणून ह्यांच्या कॉम्प्युटरला घातला. म्हटलं, प्रसन्न हो बाई. हे हसले नाहीत, पण काढलाही नाही.

८ सप्टेंबर
ह्यांना बळेबळेच नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. शाळेत अर्धी रजा. डॉक्टरांनी सगळं तपासलं, थेंब घातले, अक्षरं वाचून घेतली. म्हणाले, "नजर उत्तम. चष्म्याचा नंबरही तोच." मी तिथल्या तिथे हात जोडले. एस.टी.त बसल्यावर हे म्हणाले, "त्यांना अक्षरं दिसतात की नाही तेवढंच कळतं." वांबोरी फाट्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले, नाहीतर भांडण झालं असतं.

१२ सप्टेंबर
आज भांडण झालंच.

शाळेतून आले तर न्हाणीघरात ओला ट्रे. वास ओळखीचा. ह्यांनी जुना कॅमेरा काढून त्या लग्नाच्या फोटोचा फोटो काढला, फिल्म धुतली, आणि हातमोजे न घालता कागद औषधात. का, तर मोज्याने कागदाचा अंदाज येत नाही! उजव्या हाताची तीन बोटं टरारून फुगलेली.

मी ओरडले. खूप ओरडले. काकू दारापर्यंत येऊन परत गेल्या.
हे खाली बघून म्हणाले, "शब्द दिलाय त्या बाईला."
"हात देऊन शब्द पाळायचा आहे का?"
"यंत्र ऐकत नाही तर काय करू मी?"
फोटो चांगलाही आला नव्हता. कागद जुना, पिवळा पडलेला. तो बघूनच ह्यांचा चेहरा पडला होता, माझ्या ओरडण्याने नाही.

डेव्हलपरच्या सगळ्या बाटल्या मी कुलपात ठेवल्या. किल्ली माझ्या पर्समध्ये.

१३ सप्टेंबर, रवि.
बोटांना मलम. मी भात कालवून दिला, चमच्याने खाल्ला मुकाट्याने. काकूंनी पुरणपोळी पाठवली, त्यांच्याकडे पक्षपंधरवड्याचं होतं. काल मी एवढी तोंड सोडून बसले होते, तरी पाठवली. अशी माणसं शेजारी आहेत म्हणून इथे टिकलो आम्ही.

नितीनचा फोन. आज खरं सांगितलं त्याला. म्हणाला, "दसऱ्याला येतो. तोवर पप्पांना एकटं सोडू नकोस."

१९ सप्टेंबर
गयाबाई निरोप सांगून गेली. २ तारखेला न्यायला येईल, ५ ला ट्रक. ह्यांच्या हाताची पट्टी बघून म्हणाली, "भाऊ, जमलं न्हाई तर ऱ्हाऊ द्या. हात आदी." मग दाराशी थांबली, जरा वेळाने गेली. त्या थांबण्यात सगळं आलं.

ह्यांनी आज यंत्र लावलंच नाही.

२५ सप्टेंबर
दसऱ्याच्या आधी घराला रंग देतोच आम्ही दरवर्षी. आपला धम्मदीक्षेचा दिवस, विहारातून लोक येतात घरी, भिंती स्वच्छ हव्यात. माझा भाऊ सोपान सोनईहून येतो, चुना त्याच्याच हाताचा. उद्या येतोय. यंदा हे नको म्हणत होते. मी ऐकलं नाही.

२६ सप्टेंबर
सोपान आला. ओसरी, पुढची खोली आज उरकली. मग डा.रू.त डोकावला आणि भिंतीला हात लावून बघितला. पोपडाच हातात आला.
"ताई, ही भीत पार वली हाय. पावसाचं पानी मुरलंय. हे यंतर हितं ऱ्हायलं तर सडंल की!"
"तुझ्या दाजींना विचार."
"दाजी, खरवडावी लागंल. सामान भाईर काडा."
"भिंती काळ्याच राहिल्या पाहिजेत."
"काळा रंग देतो पुन्यांदा, मंग तर झालं? पन आदी वाळू तर द्या."

हे कुरकुरले, पण यंत्र सडेल म्हटल्यावर गप्प. पोराने दिलेलं आहे. तिघांनी मिळून कॉम्प्युटर, प्रिंटर पुढच्या खोलीत आणला. खिडकीपाशी. जिथे मी पहिल्या दिवशी म्हणत होते तिथे. तोंड आवरून धरलं मी.

२७ सप्टेंबर, रवि.
नीट लिहून ठेवते.

सकाळी ह्यांनी खिडकीपाशी यंत्र चालू केलं आणि ओरडले, "स्क्रीन गेला!" मी पीठ मळत होते, तशीच धावले. फोटो उघडलेला, पण इतका मंद की गयाबाईची आई ओळखू येईना. सोपानला वाटलं त्याने उचलताना आदळलं, बिचारा चुन्याचा ब्रश धरून उभा. "दाजी, माज्याकडनं काय लागलं न्हाई वो, शपत."

उजेडाचं बटण आधीच पार वर होतं, आणखी वर जाईना. मग हे म्हणाले निदान दिसायला तरी हवी, म्हणून फोटोच उजळ करत गेले. थोडा, आणखी थोडा. गोंदण दिसलं. डोळे दिसले. "आता दिसतेय. पण हा काही छापण्यासारखा नाही, पार पांढरा फटक येईल." मी म्हणाले, "छापा तरी. कागद काय एवढे काळे केले तसा एक पांढरा."

छापला.

पांढरा नव्हता. जशी स्क्रीनवर तशी कागदावर. कागद स्क्रीनच्या शेजारी धरला. ह्यांनी धरला, मग मी धरला, मग सोपानने चुन्याचे हात पुसून धरला. तीच बाई दोन्हीकडे.

हे खाली बसले. मग उठून तो कागद घेऊन डा.रू.त गेले, बाहेर आले, परत आत गेले. मला वाटलं आता काय झालं. बाहेर येऊन कपाळावर हात मारला.
"अगं, अंधारात बसून बघत होतो मी! काळ्या खोलीत काडी पेटवली तरी सूर्य वाटतो. स्क्रीन तिथे लख्ख दिसायचा, म्हणून मी फोटो दाबत होतो. आणि कागद बघायचो बाहेर उजेडात."
"म्हणजे नजर..."
"नजर कुठे जातेय! ओला फोटो उजेडात नेऊन बघितल्याशिवाय मी कधी पसंत केला का? मग हा का केला अंधारात?"

आणि हसायला लागले. इतके की खोकला आला. सोपानला काही कळलं नाही, पण तोही हसला, यंत्र त्याच्याकडून मोडलं नाही या आनंदात. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या हातांनीच डोळे पुसले. फोटो काढणाऱ्या माणसाला खोलीतून बाहेर यायला भिंतीला ओल यावी लागली. त्या ओलीचे उपकार. सोपानचे तर आहेतच. त्याला शिकरण केलं.

नितीनला फोन मी नाही, ह्यांनी लावला.

२८ सप्टेंबर
सकाळी शाळेत जाताना बघितलं, फोटो टेबलावर. स्वच्छ, प्रसन्न, साडीची किनारसुद्धा दिसते. म्हटलं झालं एकदाचं. संध्याकाळी येऊन बघते तर हे परत त्याच चेहऱ्यावर.
"काय राहिलं आता?"
"थोडी काळी हवी."
मी पर्सच टाकली खाली. "दोन महिने काळी येते म्हणून घर डोक्यावर घेतलंत, आणि आता काळी हवी?"
"तेव्हा अंधाराने काळी होत होती. ही उन्हातली बाई आहे, सुमन. शेजारी तिचा नवरा बघ, नवरी बघ. सगळ्यांपेक्षा ही सावळी आहे मूळ फोटोत. मी उजळ करून करून तिला भलतीच केली."
"गिऱ्हाइकाला उजळच आवडतं. तुम्हीच सांगत आलात."
"हो," म्हणाले. "ही कोण आहे ते गयाबाईला माहीत. मला फक्त दिसते तेवढी."

२९ सप्टेंबर
दोन फोटो तयार. एक उजळ, एक सावळा. दुसऱ्यात गालावर उन्हाची छटा आहे आणि डोळे आहेत, स्वच्छ आहेत. दोन्ही सुंदर. मी उजळाच्या बाजूने, हे सावळ्याच्या. सोपान जाता जाता म्हणाला, "मला तर दोनी सारक्याच दिसत्यात." त्याला गाडीत बसवून दिलं.

डा.रू.च्या भिंती खरवडलेल्या, उघड्या. वाळायच्या आहेत.

१ ऑक्टोबर
विहारात वंदना. नितीन आला आहे. पांढऱ्या साडीत मी, पांढऱ्या सदऱ्यात हे, आणि मधे पोरगा. बोटं बरी आहेत ह्यांची. वंदना म्हणताना मन भरून येत होतं, मुद्दाम काही मागितलं नाही.

येताना मात्र हे गप्प गप्प. नितीनने विचारलं तर म्हणाले, "उद्या ती बाई येणार आहे." परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी मुलं असतात तसे.

२ ऑक्टोबर
गयाबाई आली. ह्यांनी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले आणि एक अक्षर बोलले नाहीत. मला डोळ्याने दटावलं, तूही बोलू नकोस. नितीन दाराशी उभा.

तिने आधी हात पदराला पुसले. मग सावळ्या फोटोवर बोट ठेवलं. विचार नाही, तुलना नाही.
"ही आई."

हे खिडकीकडे वळून उभे राहिले. पाठीवरून कळत होतं मला. नितीनलाही कळलं, तो बाहेर जाऊन बसला.

गयाबाई रडली नाही. फोटो तोंडापाशी नेऊन बघत होती, गोंदणावरून नख फिरवत होती. "माज्याकडं बगतीया," म्हणाली. "मी हितं हाय ना मदी, नवरी. तर ती माज्याकडं बगतीया." आम्ही इतके दिवस म्हणत होतो ती भलतीकडेच कुठेतरी बघते म्हणून.

मी दुसरा फोटो उचलायला लागले. म्हटलं, हा सहज करून बघितलेला, राहू दे. तिने माझा हात धरला.
"थांबा बाई. ही कोन?"
"तीच. जरा उजळ केलेली."

बराच वेळ बघितला तिने. आणि मग हसली. पहिल्यांदा बघितलं मी तिला हसताना.
"आईला लई हौस हुती वो गोरं दिसायची. माज्या हळदीला बायकांनी मला हळद लावली, तर हिनं गुपचूप उष्टी हळद सोताच्या गालाला लावली. जावा लई हसल्या. म्हनल्या, कोळसा हळदीनं पिवळा व्हतोय व्हय! तवाच धुऊन टाकली तिनं, समद्यांम्होरं." फोटो तिने दिव्यासारखा दोन्ही हातांत धरला. "हेच्यात लागलीया बगा तिला हळद."

दोन्ही फोटो घेऊन गेली. ह्यांनी दोन्हींना पुठ्ठे लावून दिले, मधे मऊ कागद घालून, जसे पूर्वी द्यायचे.

४ ऑक्टोबर, रवि.
नितीन गेला. जाताना वडिलांशी कॉम्प्युटरवरच बोलत होता, मला टाटा करायलाही विसरला. चालेल.

डा.रू.च्या भिंती वाळल्या. परत काळ्या करायच्या का, ह्यांनी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गयाबाईचा ट्रक उद्या निघेल. संध्याकाळी चहा घेता घेता हे एकदम म्हणाले, "सुमन, कोपीत कोणता लावेल गं ती?"
"सावळा. आई म्हणून त्यालाच तर हात लावला."
"मला वाटतं उजळ."
"तुम्ही? तुम्ही तर त्याच्या विरुद्ध होतात!"
"हळदीचं मला कुठे माहीत होतं."

मग ठरलं की हंगाम सुरू झाला, कोप्या उभ्या राहिल्या, की कारखान्यावर जायचं आणि बघून यायचं. हे स्वतः म्हणाले जाऊ म्हणून. जानेवारीपासून हा माणूस डॉक्टर सोडला तर चौकाच्या पलीकडे गेला नव्हता.

भाकऱ्या थापताना माझं मत बदललं. उजळच लावेल. आता दिवसभर ऊस तोडून आल्यावर, हसायला त्या जावा नसताना, ती आईला हळद लागलेलीच बघेल... पण मग सावळ्यातली तिच्याकडे बघते, आणि उजळातली... तीही बघतेच की. एकाच फोटोतल्या दोघी. हे आतून विचारतायत, काय ठरलं तुझं? सांगता येत नाही म्हटलं.